धडक बसली की रोबोट बंद, पिटमध्ये आणला की चालू

लक्षण असं असतं. रोबोट स्पर्धेतला सामना सुरू होतो, पहिला मिनिटभर रोबोट छान पळतो. मग समोरच्या संघाचा रोबोट येऊन कडेला आदळतो आणि आपला जागच्या जागी थिजतो. कधी क्षणभर, कधी सामना संपेपर्यंत. गाड्यावर घालून पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेत, आणायचा, ठोकळ्यांवर ठेवून चाकं अधांतरी करायची, चालू करायचा, तर अगदी शहाण्यासारखा चालतो. सगळे दिवे जसे हवेत तसे. मुलं एकमेकांकडे बघतात, कुणीतरी म्हणतं, "आता ठीक आहे." पुढच्या सामन्यात पुन्हा तेच.

विद्यार्थी संघांबरोबर काम करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच: "त्यांनी मुद्दाम मारलं, तक्रार करू का?" दोन्हींचं उत्तर मी एकत्रच देतो. पहिल्याचा छडा लागल्याशिवाय दुसरा विचारायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

खालचे आकडे मुख्यतः फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या मोठ्या रोबोटचे आहेत: १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी, १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा), साधारण अडीच मिनिटांचा सामना. व्हेक्स किंवा फर्स्ट टेक चॅलेंजच्या लहान रोबोटांचे आकडे वेगळे, पण शोधायची वाट तीच. त्यांचं जे खास आहे ते पुढे येईल.

आधी एक प्रसंग. बाद फेरीत आमचा रोबोट असाच थांबला. ड्रायव्हर मुलगी मैदानातून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "दादा, त्यांनी दोनदा मारलं. दुसऱ्यांदा तर आपण कोपऱ्यातच होतो." मी समोरच्या संघाबद्दल चकार शब्द काढला नाही. रोबोट टेबलावर घेतला, मुख्य ब्रेकर बंद केला आणि तिला म्हटलं, बॅटरीच्या टर्मिनलवरची काळी टेप सोडव, आणि वायरचा लग (टोकाची भोक असलेली धातूची पट्टी) अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवून बघ.

लग फिरला. फार नाही, घड्याळाचा मिनिटकाटा तीन मिनिटांत सरकेल तेवढाच. पण फिरला. लग काढून उजेडात धरला तर तांब्याच्या कडेला दोन काळे ठिपके, ठिणगीने खाल्लेले. सकाळी कुणीतरी ती बॅटरी नवीन वायरला जोडली होती, पाना दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून नट बोटांनी आवळला आणि "नंतर घट्ट करू" म्हणत वर टेप गुंडाळली. टेपखाली गेलेलं कुणालाच दिसत नाही. ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, मग पाना आणायला गेली.

पिटमधली चाचणी का फसवते

याचं गणित एकदा कागदावर मांडून बघा, मग कायमचं लक्षात राहतं. बॅटरी आणि वायरिंग मिळून अंतर्गत रोध ०.०२० ओहम धरू. मैदानात दोन रोबोट एकमेकांना ढकलत असताना मोटरी सहज २०० अँपिअर खेचतात. २०० गुणिले ०.०२०, म्हणजे ४ व्होल्टची घट. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.७ वरून ८.७ व्होल्टवर येते. रोबोट दमतो, पण चालतो.

आता ढिल्या लगमुळे फक्त ०.०१५ ओहमची भर पडली असं समजा. घट ७ व्होल्टवर जाते, उरतात ५.७. रोबोरिओच्या, म्हणजे रोबोटच्या मुख्य कंट्रोलरच्या, पहिल्या पिढीत ६.३ व्होल्टच्या खाली आणि दुसऱ्या पिढीत मूळ सेटिंगप्रमाणे ६.७५ व्होल्टच्या खाली मोटरींचं आउटपुट बंद केलं जातं, म्हणजे निदान कंट्रोलर तरी जिवंत राहावा. याला ब्राउनआउट म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं धडकेने रोबोट मेला.

पिटमध्ये काय होतं? चाकं हवेत, भार काही नाही, चार मोटरी मिळून १५-२० अँपिअर घेतात. २० गुणिले ०.०३५, घट फक्त ०.७ व्होल्ट. तोच ढिला लग, तीच बॅटरी, पण पडद्यावर सगळं ठणठणीत. म्हणून चाकं अधांतरी ठेवून केलेली चाचणी या दोषासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. भाराखाली दिसणारा दोष भाराखालीच शोधावा लागतो, आणि हादऱ्याने दिसणारा हादऱ्यानेच.

रबरी हातोडी

पिटमधलं माझं सर्वांत लाडकं अवजार रबरी हातोडी आहे. पद्धत अशी: रोबोट जमिनीवर, चालू, पण डिसेबल अवस्थेत, म्हणजे मोटरी फिरणार नाहीत अशा. डोळ्यांवर गॉगल, हात चाकांपासून आणि हलणाऱ्या भागांपासून लांब. एकजण लॅपटॉपवर व्होल्टेज आणि संपर्काचे दिवे बघतो, दुसरा प्रत्येक बोर्डाच्या शेजारी फ्रेमवर हातोडीने ठोकतो. बोर्डावर ठोकायचं नाही, फ्रेमवर ठोकायचं. ब्रेकरजवळ, पॉवर वाटणाऱ्या बोर्डाजवळ, कंट्रोलरजवळ, रेडिओजवळ. कुठेही दिवा लुकलुकला की थांबायचं आणि तिथल्या एकेका वायरला हलकेच ओढून बघायचं. नीट क्रिम्प केलेली (कनेक्टरमध्ये दाबून पक्की बसवलेली) वायर दोन बोटांच्या ओढीने निघत नाही. निघाली, तर ती मैदानात निघणारच होती.

यानंतर भाराची चाचणी. रोबोट भक्कम भिंतीला बंपर टेकवून उभा करायचा, सगळ्यांना बाजूला करायचं आणि एक-दोन सेकंद पूर्ण जोराने ढकलायला लावायचं. लॉगमध्ये, म्हणजे रोबोटच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, व्होल्टेज किती खाली गेलं ते बघा. त्याच बॅटरीने हे दोन वेळा करा, मग दुसरी बॅटरी लावून करा. बॅटरी बदलल्यावर फरक पडला तर दोष बॅटरीत किंवा तिच्या लगमध्ये आहे. नाही पडला तर रोबोटच्या अंगात.

भाराची चाचणी भिंतीला टेकवून जास्त वेळ चालू ठेवू नका. सीआयएमसारखी मोटर अडकलेल्या अवस्थेत एकटीच १३१ अँपिअर घेते आणि हातात धरवणार नाही इतकी तापते.

किती वेळ बंद होता?

दोष शोधताना मी मुलांना पहिला प्रश्न हा विचारतो, आणि बहुतेकांना उत्तर सांगता येत नाही. "खूप वेळ" हे उत्तर नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी घेतलेला व्हिडिओ मिळवा आणि सेकंद मोजा. बंद राहण्याच्या कालावधीवरून अर्धं निदान होतं.

अगदी क्षणभर अडखळून पुन्हा चालू होत असेल, आणि तेही ढकलाढकली चालू असताना, तर ब्राउनआउट. लग, बॅटरीचं वय, मुख्य कनेक्टर, ब्रेकरचे नट, या क्रमाने बघा. सगळं घट्ट असूनही होत असेल तर रोबोट झेपण्यापेक्षा जास्त वीज मागतो आहे. प्रत्येक मोटरच्या कंट्रोलरवर विद्युतप्रवाहाची मर्यादा घाला, म्हणजे ढकलाढकलीत चाकं आणि बॅटरी दोन्ही ताब्यात राहतील. गिअरिंग जास्त वेगाचं निवडलं असेल तर चाकं घसरायच्या आधी मोटर अडकते, हेही तपासा. चाकं आधी घसरली पाहिजेत.

एकाच बाजूची चाकं थांबून काही सेकंदांनी आपोआप चालू होत असतील, तर बहुधा त्या मोटरचा ४० अँपिअरचा ब्रेकर तापून तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडला जातो. दोष ब्रेकरचा नसतो, त्या बाजूला काहीतरी घासत असतं. चाक हाताने फिरवून डाव्या-उजव्या बाजूची तुलना करा. धडकेने फ्रेम वाकून बेअरिंग तिरकं झालेलं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि डोळ्यांना ते दिसत नाही, हाताला कळतं. बाजू थांबून परत चालूच होत नसेल तर साखळी उतरली, चाक दांड्याला अडकवणारी चावी कापली गेली किंवा मोटरची वायर निघाली.

अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ संपर्क जाऊन मग रोबोट परत आला, तर रेडिओ किंवा कंट्रोलरची वीज क्षणभर गेली होती आणि तो नव्याने सुरू होत होता. हे सर्वांत जीवघेणं, कारण वीज जाते डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आणि किंमत मोजावी लागते अख्ख्या सामन्याची. इथे मोठ्या वायरी बघू नका, छोट्या बघा. रेडिओला गोल पिनेचा पॉवर जॅक असेल तर पहिला संशय त्यावर. जॅकला आणि नेटवर्कच्या केबलला बोर्डापासून दोन-तीन बोटांवर केबल टाय मारून फ्रेमला बांधा, म्हणजे ओढ जॅकवर न येता टायवर येईल. स्प्रिंगच्या कनेक्टरमध्ये खुपसलेली वायर पुरेशी सोललेली आहे ना, आणि स्प्रिंगने तांबं धरलंय की प्लास्टिक, हे बाहेर काढून पाहा.

काही मोटरी मेल्या आणि बाकीच्या चालू राहिल्या, तर कॅन बसची, म्हणजे मोटरींच्या कंट्रोलरना आज्ञा पोचवणारी, वायर. पिवळी-हिरवी जोडी एकापासून दुसऱ्याकडे साखळीसारखी जाते, मध्ये एक जोड सुटला की पलीकडचे सगळे गप्प. वीज बंद करून मल्टिमीटरने दोन तारांमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्याने सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. मग मीटर लावलेला ठेवून एकेक जोड हलवत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तरीही संघ आधी सॉफ्टवेअर बदलत बसतात.

रोबोट पूर्ण मेला, एकही दिवा नाही, तर मुख्य ब्रेकरचं लाल बटण दाबलं गेलं आहे का बघा. ब्रेकर रोबोटच्या कडेला असेल तर दुसऱ्या रोबोटचा हात किंवा खेळातली वस्तू थेट त्यावर येऊ शकते. तो आत घ्या किंवा वर दोन्ही बाजूंनी आडोसा करा. मात्र आणीबाणीत हात सहज पोचला पाहिजे, झाकण ठोकून ठेवू नका. बटण ठीक असेल तर बॅटरीचा कनेक्टर अर्धवट निघाला आहे का पाहा, आणि निघाला असेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

बॅटरी वायरला लटकलेली नसावी

६० किलोचा रोबोट सेकंदाला ४ मीटर वेगाने भक्कम अडथळ्याला धडकला, आणि बंपरचा फोम दबत ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याचा वेग कमी होण्याचा दर गुरुत्वत्वरणाच्या साधारण १६ पट असतो. रोबोटमधली प्रत्येक वस्तू त्या क्षणी स्वतःच्या १६ पट वजनाची होते. ६ किलोची बॅटरी ९६ किलोची. एक मोठा माणूस त्या पट्ट्याला धरून लोंबकळला तर पट्टा टिकेल का, असं स्वतःला विचारा. २०० ग्रॅमचा रेडिओ ३ किलोहून जड होतो, आणि तो आपण वेल्क्रोच्या एका तुकड्याने चिकटवलेला असतो.

फोम नसता आणि रोबोट ५ मिलिमीटरमध्ये थांबला असता, तर हेच आकडे दहापट झाले असते. म्हणून बंपर हा नियमापुरता करायचा भाग नाही. मोठ्या रोबोटला सुमारे १९ मिलिमीटर जाडीचं प्लायवुड, त्यावर पोहायच्या फोमच्या नळ्या एकावर एक, वर ताणलेलं जाड कापड. दोन-चार स्पर्धा झाल्या की नळ्या चपट्या होतात आणि पुन्हा फुगत नाहीत. अंगठ्याने दाबा, प्लायवुड लगेच हाताला लागलं तर नळ्या बदला. प्लायवुड फ्रेमला सगळीकडे टेकलेलं हवं. मध्ये पोकळी राहिली तर धडक सगळ्या लांबीवर पसरत नाही, जिथे टेकलंय तिथेच येते, आणि फ्रेमची नळी तिथेच वाकते.

बॅटरीसाठी तळाशी चारही बाजूंनी कठडा असलेला कप्पा करा आणि वरून पट्टा. कठडा धडक झेलतो, पट्टा फक्त उडू देत नाही. बॅटरी बसवून रोबोट उलटा करून हलवा (बॅटरी जोडलेली नको, आणि माणसं पुरेशी हवीत). आत काही सरकल्याचा आवाज आला तर काम बाकी आहे.

नट-बोल्ट, आणि पॉलिकार्बोनेटचा एक धोका

हादऱ्याने बोल्ट सुटतात. धडकेपेक्षा सामनाभर चालणारी थरथर त्यांना जास्त सोडवते, धडक फक्त शेवटचा आटा सोडवते. जिथे पुन्हा पुन्हा काढायचं नाही तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). जिथे नट लावता येत नाही, बोल्ट थेट आट्यांत जातो, तिथे निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत लावायचा चिकट द्रव. लाल वापरू नका, तो सोडवायला उष्णता द्यावी लागते आणि पिटमध्ये ते शक्य नसतं.

पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकजवळ थ्रेडलॉकर अजिबात नको. त्याच्या स्पर्शाने त्या पत्र्यात बारीक तडे जायला लागतात, सुरुवातीला बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात, आणि मग एका साध्या धक्क्याला पत्रा भोकापासून फाटतो. मुलं म्हणतात पॉलिकार्बोनेट कमकुवत होतं. नव्हतं, आपणच त्याला विष घातलं. तिथे नायलॉक नट आणि रुंद वॉशर वापरा. आणि ॲक्रिलिक तर नकोच, ते वाकत नाही, फुटतं, आणि त्याचे धारदार तुकडे मैदानभर पसरतात.

पोकळ ॲल्युमिनियमच्या नळीतून आरपार बोल्ट घालून आवळला की नळीच्या भिंती आत दबतात. आज घट्ट वाटलेला बोल्ट उद्या ढिला असतो, कारण नळीच चपटी होत गेलेली असते. आत स्पेसर घाला, म्हणजे बोल्ट भिंतींऐवजी स्पेसरला आवळेल.

प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट आवळल्यावर नटावरून फ्रेमवर जाणारी एक रंगीत रेघ मार्करने ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. सामन्यांच्या मधल्या पाच मिनिटांत चाळीस नटांना पाना लावणं शक्य नाही, पण चाळीस रेघांवरून नजर फिरवणं शक्य आहे. आमच्याकडे हे काम संघातल्या सर्वांत लहान मुलाकडे असतं, त्याची नजर सर्वांत तीक्ष्ण आहे आणि त्याला कशाचीच घाई नसते.

रोबोट उलटत असेल तर दोष बोल्टचा नाही, गुरुत्वमध्याचा आहे. चाकांच्या मधल्या रेषेपासून चाकापर्यंत ३३ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच असेल, तर रोबोट सुमारे ५३ अंश कलेपर्यंत परत खाली बसतो. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर गेला की हीच मर्यादा ३३ अंशांवर येते. बॅटरी आणि मोटरी तळाशी न्या, आणि मैदान ओलांडताना रोबोटचा हात खाली घ्यायची सवय ड्रायव्हरला लावा. हात वर ठेवून पळणारा रोबोट हलक्या धक्क्यानेही पडतो, आणि मग पाडणाऱ्याच्या नावाने बोंब होते.

लहान रोबोटांचं थोडं वेगळं

व्हेक्स व्ही५ मध्ये आधी बॅटरीची केबल आणि स्मार्ट पोर्टच्या क्लिपा बघा. केबल घालताना "टक" असा आवाज यायलाच हवा, आणि केबल रोबोटच्या बाह्यरेषेच्या आत बांधलेली हवी. क्लिप मोडलेली केबल पिटमध्ये नीट चालते, पण दुसऱ्या रोबोटचा हात अडकला की निघते. अशा केबलवर "चालेल" म्हणून शिक्का मारू नका, लगेच कापून टाका.

फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये फोमच्या लाद्यांवर चाकं घासून स्थिर विद्युत साठते. दुसऱ्या रोबोटच्या किंवा मैदानाच्या धातूला टेकताच ठिणगी पडते आणि कंट्रोलर गडबडतो. हेही दिसतं "धडकेने बंद पडला" असंच. ओळखायची खूण: स्पर्श अगदी हलका असतानाही बंद पडतो, आणि कोरड्या हवेत जास्त वेळा. इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या फ्रेमवर थेट न बसवता प्लास्टिकच्या पट्टीवर बसवा, वायरी फ्रेमच्या कडांपासून लांब ठेवा, आणि नियमावलीत परवानगी असलेली रोधकाची ग्राउंडिंग पट्टी लावा. यूएसबीचे प्लग त्या त्या जागी बांधून ठेवा.

मग रेफरीकडे कधी जायचं?

आता दुसरा प्रश्न. वर सांगितलेलं सगळं तपासून झालं, रोबोट भक्कम आहे, आणि तरीही समोरच्याचा खेळ नियमाबाहेर वाटतो. तेव्हा जरूर जा. नियम त्यासाठीच आहेत, आणि गप्प बसण्यात कसलाही मोठेपणा नाही.

पण आधी जोराचा खेळ आणि चुकीचा खेळ यांतला फरक मुलांना नीट समजावा. बंपरला बंपर, वाट अडवणं, ढकलणं, गोल करायला न देणं हा बचाव आहे, मग तो कितीही त्रासदायक असो. चुकीचं म्हणजे फ्रेमच्या आत हात घालून नुकसान करणं, मुद्दाम उलटवणं, अडकवून ठेवणं, भिंतीला दाबून ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त धरणं. ही वेळ बदलत असते: फर्स्टच्या मोठ्या स्पर्धेत २०२४ ला ५ सेकंद होती, २०२५ ला ३ झाली. गेल्या मोसमाच्या आठवणीवर भांडायला जाऊ नका, या मोसमाची नियमावली वाचा. व्हेक्सच्या नियमावलीत तर दुसऱ्याचा रोबोट मोडू नका आणि बचावाला तोंड द्यायची तयारी ठेवा, या दोन्ही गोष्टी एकाच नियमाच्या मथळ्यात शेजारी शेजारी आहेत. मला तो नियम फार आवडतो. पहिली अर्धी ओळ प्रत्येक संघ समोरच्याला वाचून दाखवतो, दुसरी अर्धी स्वतःला वाचून दाखवायची असते.

विचारायला जाईल तो विद्यार्थी, मार्गदर्शक किंवा पालक नाही. फर्स्टच्या मोठ्या स्पर्धेत मुख्य रेफरी संघाने आणलेला व्हिडिओ बघून निर्णय बदलत नाहीत, त्यामुळे फोन नाचवत जाण्यात अर्थ नाही. "त्यांनी आम्हाला मोडलं" असं म्हणू नका. "सामन्यात सुमारे ४० सेकंद उरले असताना डाव्या कोपऱ्यात आम्हाला भिंतीला दाबून ठेवलं होतं, ती मोजणी सुरू झाली होती का?" असं विचारा. जागा, वेळ, प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी आभार मानून परत या. रेफरी बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात आणि दिवसभर उभे असतात.

आपला रोबोट दुसऱ्याला इजा करू नये, हाही बांधणीचाच भाग आहे. बाहेर येणारा हात बचाव करताना आत घेता आला पाहिजे, आणि तो एका बटणावर हवा, ड्रायव्हरच्या आठवणीवर नको. बाह्यरेषेच्या बाहेर आलेली बोल्टची टोकं कापा, कोपरे कानशीने गोल करा. सरावात दाबून धरण्याची मोजणी ड्रायव्हरच्या शेजारच्याने मोठ्याने करावी: एक, दोन, मागे. ही सवय सामन्याच्या गोंधळात आपोआप येत नाही, सरावातच लागते.

नियमात बसतं पण करू नये, असंही काही असतं. समोरच्या रोबोटची वायर लोंबते आहे हे आपल्याला रांगेत उभं असताना दिसलं. ती वायर कुठे आहे हे लक्षात ठेवून तिथेच धडक द्यायची, की जाऊन सांगायचं? आमच्या संघात सांगायचं. नेहमी. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी फर्स्टमध्ये 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' हा शब्द रुजवला, त्याचा अर्थ मी मुलांना असाच सांगतो: जीव तोडून खेळायचं, आणि समोरच्यालाही जीव तोडून खेळता येईल असं वागायचं. लोंबत्या वायरीमुळे मिळालेला विजय आमच्या रोबोटबद्दल काहीच सांगत नाही.

त्या लगच्या प्रसंगात ती ड्रायव्हर नट घट्ट झाल्यावर स्वतःहून समोरच्या संघाच्या पिटमध्ये गेली. परत आली ती गंभीर होऊन. "दादा, त्यांचा ड्रायव्हर रडत होता. त्याला वाटलं, त्याने आपला रोबोट मोडला. पुढच्या सामन्यात तो बचावच करणार नव्हता." तिने त्याला काळे ठिपके पडलेला लग दाखवला होता. पुढच्या सामन्यात त्याने आम्हाला पुन्हा जोरात अडवलं. आमचा रोबोट चालू राहिला.

एवढं सगळं करूनही बंद पडत असेल

मग मदत मागा, पण रिकाम्या हाताने नको. प्रत्येक वेळी बंद पडला की चार गोष्टी लगेच लिहून ठेवा, रोबोटला हात लावायच्या आधी: किती सेकंद बंद होता, त्या क्षणी कोणते दिवे कोणत्या रंगाचे होते (फोनने फोटो काढा, आठवण दगा देते), लॉगमध्ये सर्वांत कमी व्होल्टेज किती, आणि धक्का कोणत्या बाजूने बसला. बॅटरीवर क्रमांक टाका आणि तोही लिहा. तीन सामन्यांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा एक गोष्ट तिन्हीकडे सारखी निघते: तीच बॅटरी, तीच बाजू किंवा तोच दिवा. हातोडी तिथून सुरू करा.